हे तुम्हीच का?

‘तुमच्या खात्यात संशयास्पद लॉगइन झाले आहे. हे तुम्हीच का?’ या प्रश्नामागे एक खाते, एक माणूस, एक फोन असे गृहीतक आहे. आपल्या घरांत ते टिकत नाही. आजोबांचे जीमेल नातवाने उघडून दिलेले, पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलेला; त्यामुळे इशारा आला की चोर शोधण्याआधी ‘कोणी उघडलं रे?’ अशी हाक घरभर जाते. त्यात आयपी पत्त्यावरून काढलेले ठिकाण मोबाइल नेटवर्कवर बऱ्याचदा चुकते. सांगलीतल्या माणसाला मुंबईहून लॉगइन झाल्याचे कळते आणि तो शांतपणे ‘हो, मीच’ दाबतो.

याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. मार्च 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने असाच इशारा आला: युक्रेनमधून कोणीतरी तुमचा पासवर्ड वापरला, ताबडतोब बदला. मदतनीसाने मेल खरा असल्याचे कळवले, बटण दाबले गेले आणि ऑक्टोबरात हजारो मेल विकिलीक्सवर झळकले. तिथे घाबरून दाबले, इथे निर्धास्तपणे दाबतात. चोराला दोन्ही चालते. म्हणून इशारे बंद करा, असे कोणी म्हणणार नाही. खऱ्या इशाऱ्यांनी खाती वाचतातच. पण मेलमधली बटणे दाबायची सवय ज्यांनी लावली, त्याच कंपन्या आता ‘अनोळखी लिंक उघडू नका’ असे बजावतात, तेही मेल पाठवून, खाली बटण देऊन. तेव्हा ते बटण सोडा, संकेतस्थळ स्वतः उघडून पाहा आणि पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 फिरवा.