चुकीचे स्पेलिंग बरोबर करून घेण्याची कृती

(इंग्रजी लिहिणाऱ्या नवशिक्यांसाठी)

स्पेलिंग चुकले म्हणून खचून जाऊ नये. चूक योग्य माणसाने, योग्य वेळी आणि ठामपणे केली, तर तिला शब्दकोशात कायमची जागा मिळते.

१. शक्यतो १७५५ पूर्वी जन्माला यावे. त्या वर्षी सॅम्युअल जॉन्सनचा कोश आला. त्याआधी रान बरेच मोकळे होते. शेक्सपिअरच्या सहा सह्या शिल्लक आहेत. त्यांतल्या एकीचेही स्पेलिंग आजच्यासारखे नाही. तरी त्याचे काही अडले नाही.

२. जन्माची वेळ हुकल्यास छापखान्यात शिरावे. 'घोस्ट'मधला 'एच' विल्यम कॅक्स्टनच्या छापखान्यातून आला, तोही फ्लेमिश वळणाचा. कंपोझिटर व्हावे हे उत्तम. ओळ तोकडी पडली की शब्दामागे एक 'ई' ठोकावा, लांबली की उपटावा. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या फोलिओ संग्रहात 'डू' आणि 'गो' कुठे 'ई'सकट आहेत, कुठे 'ई'विना. कोणते पान कोणत्या कंपोझिटरने जुळवले, हे अभ्यासक अशाच खोडींवरून ओळखतात.

३. थोडे लॅटिन शिकावे. जास्त नको. कर्ज या अर्थाचा 'डेट' पूर्वी 'बी'शिवाय सुखात होता. विद्वानांना लॅटिन 'डेबिटम' आठवले आणि त्यांनी 'बी' घुसवला. 'आयलंड' तर अस्सल इंग्रजी शब्द. पण लॅटिन 'इन्सुला'च्या गोतावळ्यातला समजून त्याच्या गळ्यात 'एस' मारला. उच्चारात त्याचा पत्ता नाही, घोकंपट्टीत मात्र तो ठाण मांडून आहे.

४. लॅटिन झेपत नसेल तर शेजाऱ्याचे बघून लिहावे. 'वुड' आणि 'शुड'मधला 'एल' वडिलोपार्जित आहे. 'कुड'ने तो कॉपी केला आणि पास झाला.

५. कोश लिहावा, पण हाव आवरावी. नोआ वेबस्टरने 'कलर'मधला 'यू' काढला, अमेरिकेने मान डोलावली. मग त्याने 'टंग' टी-यू-एन-जी असे सुचवले. जीभ जशी वळते तसेच लिहायचे, ही कल्पना कोणालाच पटली नाही.

६. हुकूम काढू नये. १९०६ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंग वापरायला सांगितले. 'थ्रू'मधली शेवटची 'जीएच'ची शेपूट छाटली, 'दो'मधलीही छाटली. वर्तमानपत्रांनी टर उडवली, काँग्रेस आडवी आली आणि हुकूम बारगळला. तेच शेपूट तुटलेले 'थ्रू' पुढे मोटारीतच बर्गर आणून देणाऱ्या दुकानांनी पाटीवर लावले, तेव्हा कोणी चकार शब्द काढला नाही.

महत्त्वाची सूचना : कृतीत तर्क अजिबात घालू नये. तर्काने सुचवलेली स्पेलिंग बहुतेक आपटली, गैरसमजाने शिरलेली टिकली. म्हणून 'डेट' लिहिताना 'बी' न चुकता लिहावा. कर्ज एखादे वेळी माफ होते, 'बी' होत नाही.