कुंडीतात्या

सोलापूर-हैदराबाद हायवेवरच्या आमच्या अणदुरात स्लॅबचं घर झालं, पोर्चला फरशी बसली आणि फंडाचे पैसे हातात आले, की त्या घरात एक कुंडीतात्या तयार होतो. नाव, जात, खातं काहीही असो. गल्लीत एक असतोच. झाडांचं त्याला फारसं वेड नसतं. त्याला कुंडी पाहिजे असते, आणि मोठीच पाहिजे असते.

ही कुंडी डोक्यात शिरते ती पुण्यात. पोराच्या सोसायटीत लिफ्टशेजारी कमरेएवढ्या राखाडी कुंड्या दिसतात. तात्या आधी इकडंतिकडं बघून टिचकी मारतात. मग वॉचमनला किंमत विचारतात, जणू त्यानंच त्या विकायला ठेवल्यात. परतीच्या वाटेवर उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिकांची रांग लागली की गाडी थांबते, आणि सूनबाईंचा घरी फोन जातो, की आज पोचायला रात्र होणार.

तात्यांची निवड बघण्यासारखी असते. कुंडीत काय लावायचं, ते किती वाढणार, मुळं किती खोल जाणार, ऊन किती तास, यातलं ते काही विचारत नाहीत. वितीनं तोंड मोजतात, चप्पल काढून बुडाला पायानं ढकलून बघतात, आणि मग सरळ रस्ता ओलांडून पलीकडं उभे राहतात. एसटीतून जाणाऱ्याला आपला पोर्च कसा दिसेल, हा खरा प्रश्न. मातीची कुंडी श्वास घेते, मुळं गार ठेवते, असं रोपवाटिकेतला पोऱ्या सांगतो. तात्या म्हणतात, ‘माती तर गावातला कुंभारबी देतोय की.’ काळं प्लास्टिक उन्हात तापतं म्हणून नको. सिमेंट स्वस्त म्हणून नको. अखेर साडेतीन हजारांची फायबरची कुंडी टपावर चढते.

घरी आल्यावर ती आधी गच्चीवर जाणार असते. गवंडी अडवतो. दीड फूट तोंडाची, तेवढीच खोल कुंडी मातीनं भरून भिजवली की सव्वाशे किलोच्या घरात जाते. आणि गच्चीवर माणसांच्या वावराचा भार धरतात दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो. तात्या तर पुढं अशा आठ कुंड्यांची ओळ सांगत असतात, आणि ती गच्चीच्या मधोमध. भिंतीच्या कडेनं, तुळईवर ठेवली तर भार पेलायला सोपं जातं, हे गवंड्याला ठाऊक. पण गच्चीवरची कुंडी कठड्याआडून रस्त्यावरून दिसते कुठं! मग पोर्च ठरतो. एकदा ठरला की ठरला. आमचा खंडोबासुद्धा वर्षातला काही काळ पालखीत बसून नळदुर्गला राहायला जातो. तात्यांची कुंडी मात्र झाडायलासुद्धा सरकत नाही.

माती फुकटची, शेतातली, काळी. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि कुंडीच्या कडा सोडते. पाणी त्या फटीतून खाली, मुळं कोरडीच. मुरूम, शेणखत, थोडं कोकोपीट मिसळावं, असं सांगणाऱ्याला उत्तर मिळतं, ‘ह्याच मातीत आमी तूर काढलाव.’ त्यातून त्या फायबरच्या कुंडीला भोकच नसतं. ते आपण पाडून घ्यायचं असतं. ‘साडेतीन हजाराला भोक पाडू?’ तात्या ड्रिलवाल्याला हाकलतात. हाकेच्या अंतरावर नळदुर्गचा किल्ला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारागिरांनी बोरी नदी बंधाऱ्यावरून उड्या मारत सोडली, आणि बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात बसलेल्याच्या अंगावर थेंब पडत नाही. पाणी कुठून सोडायचं हे इथल्या मुलखाला चारशे वर्षांपासून कळतं. पण तात्यांनी किल्ला शाळेच्या सहलीत पाहिलेला. तेव्हा लक्ष डब्याकडं होतं.

पावसाळ्यात कुंडीत लावलेलं ख्रिसमसचं झाड कुजलं. मागच्या दारी काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, रंगाच्या जुन्या बादलीत लावलेला कढीपत्ता डोक्यावर गेला होता. बादलीला खिळा तापवून पाच भोकं, त्यावर खापराचे तुकडे. तिला तात्या कुंडी म्हणत नाहीत.

उन्हाळा लागला, नळाला आठवड्यानं पाणी यायला लागलं, आणि काकूंनी फायबरच्या कुंडीतली माती गुपचूप परसात ओतून ती घासली. जाड, थेंब न गळणारी, ऐंशी लिटरची. बाजारात असा हौद मिळाला नसता. वर ताट झाकून वापर सुरू झाला. तात्या तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्याच पाण्यानं आंघोळ करून बाहेर आले.

मग एके सकाळी आशाताई आल्या. हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं ते याच अणदुरातून, त्यामुळं आरोग्याचं विचारायला आलेल्या बाईपुढं इथं कुणी आवाज चढवत नाही. त्यांनी ताट सरकवलं, बॅटरी मारली. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. सगळी भांडी उपडी.

‘तात्या, ह्यो हौद रिकामा कराव लागतंय.’

‘हौद न्हाय त्यो, ताई. कुंडी हाय. पुण्याची.’

‘मग झाड कुठंय?’

तात्यांनी मागच्या दाराकडं बघितलं. काकू तिथं बादली घट्ट धरून उभ्या होत्या.