पट्टेवाले आबा

आबांकडे जायचं असेल तर कमरेचा पट्टा आणि खिशातलं पाकीट घरी ठेवून जावं. नाहीतर चहा यायच्या आत पाकीट आबांच्या हातात जातं. ते वाकवतात, नाकाशी धरतात, अंगठ्यानं दाबून सुरकुती पडते का बघतात आणि निकाल देतात, "हे चामडं नव्हे. चामड्याचा भुगा. गोंदात कालवून थापलाय, वरनं प्लास्टिक."

"आबा, आत 'जेन्युइन लेदर' छापलंय की."

"छापायला काय जातंय? आमच्या लग्नपत्रिकेत मुलगा सुस्वभावी म्हणून छापलं होतं."

आतून काकींचा दुजोरा येतो.

आबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होते. आलेला माल तपासायचा आणि परत पाठवायचा, यात हयात गेली. निवृत्तीनंतर परत पाठवण्यासारखं घरात काही उरलं नाही, म्हणून त्यांनी कुत्रं पाळलं. कुत्रं काही परत पाठवता आलं नाही. मग त्याच्या गळ्यातल्या मालाची तपासणी सुरू झाली.

वाघ्या करवानी जातीचा. मिटलेल्या छत्रीसारखा उंच, बारीक. या जातीचं डोकं गळ्यापेक्षा निमुळतं असतं. साधा पट्टा घातला की कुत्रं मान खाली घालतं, दोन पावलं मागं सरकतं आणि पट्टा मालकाच्या हातात ठेवून चालू पडतं. वाघ्यानं हे पहिल्याच आठवड्यात रंकाळ्यावर करून दाखवलं. आबा रिकामा पट्टा धरून तळ्याला वळसा घालत होते आणि भेटणाऱ्याला सांगत होते, "कुत्रं चांगलंय. माल हलका आहे."

नवा पट्टा चप्पल करणाऱ्या मामांकडे सांगितला गेला. आबा आले की मामा आधी जेवून घेतात.

"चामडं कसलं?"

"म्हशीचं. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं."

इथं आबा मान डोलावतात. क्रोमची रसायनं घातली की कातडं दिवसा-दोन दिवसांत तयार होतं. सालीत कमवायला कित्येक आठवडे जातात. घाईत झालेलं काहीच टिकत नाही, हा आबांचा सिद्धांत. पुराव्यादाखल ते मेव्हण्याची नोकरी सांगतात.

"वरचा थर घासलाय?"

"नाही."

आबांच्या मते चामड्याची सगळी ताकद वरच्या थरात. डाग, ओरखडे झाकायला तो घासून रंग मारला की उरतो निव्वळ देखावा. मग आबांच्या खिशातून लोहचुंबक निघतं. बक्कल चिकटलं तर आत लोखंड, वर नुसता मुलामा. पहिल्या पावसाळ्यात गंज येणार आणि शिवण खाणार. पितळ चिकटत नाही. कडीचा सांधा जोडलेला आहे की तार नुसती वाकवली आहे, हे ते उजेडात धरून पाहतात. शिवण हाताचीच हवी. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया आणि प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी टाका, म्हणजे एक तुटला तरी शेजारचा धरून राहतो. धरायला पाच फुटी वादी, आणि तिच्या टोकाला रिबीट न ठोकता वेणी.

"आबा," मामा म्हणाले, "एवढ्यात माझे दोन जोड झाले असते."

पट्टा घरी आला. मधोमध दोन इंच रुंद, आतून मऊ कातडं. घट्ट किती करायचा याचा नियम आहे: पट्टा आणि गळा यांच्यात दोन बोटं जावीत. त्यावर वाद झाला, बोटं कुणाची? आबांच्या आणि काकींच्या बोटांत एका भोकाचा फरक. आबांची बोटं धरली तर वाघ्या निसटतो, काकींची धरली तर खोकतो. शेवटी दोघांच्या मधोमध मामांकडून वेगळं भोक पाडून आणलं. बावन्न वर्षांच्या संसारात झालेली ही पहिली तडजोड, असं काकी म्हणतात.

रविवारी पट्ट्याची आंघोळ. पेपर पसरायचा, ब्रशनं माती काढायची, ओलसर फडक्यानं पुसायचं, सावलीत वाळवायचं. ऊन नाही, चूल नाही, हेअर ड्रायर तर नाहीच, चामडं तडकतं. मग खोबरेल आणि मधमाशीचं मेण एकत्र वितळवून बोटाच्या टोकाला लागेल एवढंच चोळायचं. जास्त तेल पाजलं की चामडं सैल पडतं. मेण वितळवायला काकींची फोडणीची पळी कायमची जप्त झाली आहे.

"माझं मंगळसूत्र ओवून आणा म्हणून दिवाळीपासनं सांगतेय," काकी मला ऐकवतात, "आणि त्याच्या गळ्यातली शिवण दर रविवारी तपासायची!"

"तुझा दोरा नायलॉनचा आहे," आबा शांतपणे म्हणतात. "त्याला काही होत नाही."

2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. पेठेत आनंद झाला. आबा मात्र फुगून बसले. "हिरडा तोच, चामडं तेच, हात तेच. पायाला मान आणि गळ्याला नाही?" ज्या कोल्हापूर संस्थानानं शिकारीला चित्ते पाळले, तिथं जनावराच्या पट्ट्याची ही किंमत! 2025 मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा सगळं गाव खवळलं. आबांनी मोबाइलवरचा फोटो मोठा करून एवढंच विचारलं, "शिवण हाताची आहे का बघ की."

हळूहळू वाघ्याची दिनचर्या पट्ट्याच्या प्रकृतीप्रमाणे आखली गेली. पट्टा भिजतो म्हणून पोहणं बंद. घासतो म्हणून मातीत लोळणं बंद. तडकतो म्हणून दुपारी अंगणात बसणं बंद. "पट्टा वीस वर्षं टिकेल," आबा सांगतात. कुणीतरी भीत भीत म्हटलं, की कुत्रं बारा-तेरा वर्षंच जगतं. आबांनी पट्ट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मोकळी भोकं आहेत अजून. पुढच्याला बसेल."

जुलैत कोल्हापुरात चामड्यावर हिरवी-पांढरी बुरशी येते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं तर जास्तच. अशाच एका मुसळधार पहाटे रंकाळ्यावर छत्रीखाली आबा दिसले. मला पाहून ते झाडाआड सरकले, पण वाघ्या सरकला नाही. तो छत्रीबाहेर निथळत उभा होता आणि त्याच्या गळ्यात गुलाबी नायलॉनचा पट्टा होता.

"आबा, चामडं कुठाय?"

"घरात. सुती पिशवीत. असल्या पावसात बाहेर काढतात होय?"

"आणि वाघ्या?"

आबांनी खाली वाकून वाघ्याच्या मानेवरचं पाणी निपटलं, कातडी चिमटीत धरून ओढली, सोडली, पुन्हा ओढली. स्टोअरमध्ये पास झालेल्या मालावर शिक्का मारताना व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला.

"त्याला काय धाड भरलीय? बघ. वरचा थर शाबूत, शिवण कुठंच नाही, आणि तेल आपलं आपण सोडतंय."