दोन खाली!

सरांच्या देवघरातला गणपती उजव्या सोंडेचा की डाव्या, हे त्यांना सांगता येणार नाही. पाण्याच्या सूत्रातला दोन कुठे बसतो, हे मात्र ते झोपेतही सांगतील: एचच्या पायाशी, उजवीकडे. तो एचच्या मांडीला मांडी लावून बसला की अर्धा गुण गेला; डोक्यावर चढला, तर पालकांना चिठ्ठी. रसायनाचे असे एक सर तालुक्याच्या शाळेत हमखास असतात. बाहीला खडू, खिशाला लाल पेन आणि तोंडी सदैव संयुजा.

‘मूलकं लिहा, खाली संयुजा लिहा, बाण काढा, तिरकस गुणा!’ ही त्यांची संध्या. ॲल्युमिनियमची तीन, ऑक्सिजनची दोन. बाणांनी अदलाबदल झाली की ॲल्युमिनियम दोन, ऑक्सिजन तीन. मॅग्नेशियम ऑक्साइडला दोन्हीकडे दोन येतात, ते छाटायचे. मग मागच्या बाकावरून हटकून प्रश्न येतो, ‘हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन-दोन का नाही छाटत, सर?’

सर चष्मा काढतात. ‘त्याच्या रेणूत खरोखरच दोन हायड्रोजन, दोन ऑक्सिजन असतात. मॅग्नेशियम ऑक्साइडला सुटा रेणूच नसतो रे. स्फटिकभर नुसतं एकास एक प्रमाण.’ वर्षभरातलं आपलं सर्वांत सुंदर वाक्य बोलून झालं की ते लगेच सावरतात, ‘हे परीक्षेला नाही. बाण काढा!’

अक्षरांच्या उंचीवरही त्यांचा पहारा. कोबाल्ट लिहिताना कुणी ओ मोठा काढला, की ते आधी वर्गाच्या खिडक्या उघडायला लावतात. ‘धाकटा ओ म्हणजे काचेला निळा रंग देणारा कोबाल्ट. थोरला ओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड! मारलं असतंस सगळ्यांना.’

घरी ‘येताना सोडा आणा’ एवढंच म्हणण्याचं धाडस सौ.नी लग्नानंतर एकदाच केलं. ‘कार्बोनेट, बायकार्बोनेट की हायड्रॉक्साइड?’ तेव्हापासून त्या चिठ्ठीवर सूत्रच लिहून देतात. वाण्याकडे पुढचा अंक. ‘शेठ, धुण्याच्या सोड्याच्या स्फटिकात पाण्याचे दहा रेणू. रेणुभार 286, त्यात पाणीच 180. किलोमागे जवळजवळ 630 ग्रॅम पाणी विकताय मला!’ शेठ पुडीला दोरा गुंडाळत म्हणाले, ‘कलिंगडवाल्यालाही असंच विचारता का, सर?’ सरांनी मुकाट्याने पैसे दिले.

पण खरी परीक्षा घेतली नववीतल्या एका मुलीने. मूलद्रव्यांना लॅटिन नावांवरून अक्षरं देणारा, सोडियमला एनए करणारा स्वीडनचा बर्झेलियस म्हणजे सरांचं दैवत. तिने ग्रंथालयातून जाडजूड पुस्तक आणून टेबलावर उघडलं. बर्झेलियस अणूंचा आकडा वर लिहायचा. थेट डोक्यावर!

वर्ग चिडीचूप. सरांनी पान दोनदा वाचलं. हात सवयीने लाल पेनाकडे गेला. पुस्तक ग्रंथालयाचं आहे हे पाहून पेन्सिलीकडे वळला. समासात हलकेच अर्धा गुण वजा करून त्यांनी पुस्तक मिटलं.

‘माणूस थोर,’ ते म्हणाले, ‘पण बोर्डात आला नसता.’