एकच मिनिट, गाडीवर आहे!

परवा पुण्यात नळस्टॉपच्या सिग्नलला एक गृहस्थ पकडले गेले. वय पन्नाशीचं, स्कूटर त्याहून थोडीशीच लहान, पायापाशी भाजीची पिशवी, आणि मान उजव्या खांद्यावर अशी टेकलेली की बघणाऱ्याला वाटावं, रात्री उशी चुकली असणार. मान आणि खांदा यांच्या चिमटीत फोन होता. मामांनी शिट्टी मारून गाडी कडेला घ्यायला लावली. गृहस्थ पलीकडच्याला म्हणाले, "ठेव जरा, मामा आलेत." मग दुसरा नंबर फिरवला आणि फोन मामांपुढे धरला. "घ्या, भाऊ बोलतायत."

मामांनी फोन घेतला. "हो साहेब. नाही साहेब. तसं नाही साहेब." डाव्या हाताने फोन कानाला आणि उजव्या हाताने कर्वे रोडची वाहतूक, असं तीन-चार मिनिटं चाललं. गृहस्थ तोवर पिशवीतल्या मटारच्या शेंगा सोलून खात उभे होते. शेवटी मामांनी शर्टाला पुसून फोन परत केला. गृहस्थ निघाले आणि पुढच्या वळणाच्या आत मान पुन्हा खांद्यावर गेली. फोनमुळे अडकलेला माणूस फोननेच सुटला. चौकात फोनवर बोलूनही कायदा न मोडणारे एकटे मामाच, कारण ते गाडी चालवत नव्हते.

अशा प्रसंगांनी समाजमन अस्वस्थ होतं. आमच्या सोसायटीचं तर फारच होतं. त्याच दिवशी ग्रुपवर एका सभासदाचा मेसेज पडला. तो बोलून टाइप केलेला असावा, कारण तो असा होता: 'मोबाइलवर बोलत गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध सरकारने कडक कायदा करावा अरे ए डोळे फुटले का इंडिकेटर कोण देणार ही नम्र विनंती.' खाली एकोणीस अंगठे आणि नऊ नमस्कार. त्यातले निम्मे तरी सिग्नलला उभं राहून दिलेले असणार, कारण ती वेळ ऑफिसला जायची होती.

आता यांना कोण सांगणार की कायदा कडकच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ काढून बघा. गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणं म्हणजे धोकादायक रीतीने वाहन चालवणं, आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. वाचून मला घाम फुटला. हे अमलात आणायचं तर येरवड्याला नवी इमारत बांधावी लागेल आणि तिच्या दाराशी पार्किंगची सोय करावी लागेल.

ही तरतूद देशात १ सप्टेंबर २०१९ला लागू झाली. आपल्याकडे नाही. आपल्याकडे ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक होती. तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांना दंड फारच जबर वाटला, तो कमी करावा असं त्यांनी केंद्राला कळवलं आणि वाढीव दंड अडवून धरला. पुढे सरकार बदललं, आघाड्या बदलल्या, करोना आला. वाढीव दंड उगवला तो डिसेंबर २०२१मध्ये. म्हणजे सव्वादोन वर्षं महाराष्ट्र जुन्या दराने बोलत होता. त्याआधी २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने सांगून ठेवलंच होतं, की फोनवर बोलताना सापडला तर परवाना किमान तीन महिने निलंबित करा. असा निलंबित माणूस माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही. भेटला तर सोसायटीच्या वतीने शाल-श्रीफळ द्यायची माझी तयारी आहे.

खरी मजा 'हातात धरलेला' या शब्दांत आहे. कायदा करणारे दिल्लीचे, वाचणारे पुण्याचे. आमच्याकडे फोन हातात धरतं कोण? पोरी तोंडाला स्कार्फ गुंडाळताना शेवटच्या वेढ्याआधी फोन कानाशी खोचतात. मग तो थेट कॉलेजच्या फाटकापर्यंत हलत नाही, हात दोन्ही हँडलवर. हेल्मेटसक्तीला आयुष्यभर विरोध केलेल्या माणसालाही हेल्मेटचा हा एक उपयोग पटलेला आहे, गाल आणि अस्तर यांच्यामध्ये फोन कसा चपखल बसतो! याला हस्तधारित म्हणायचं की मुखधारित, यावर एक पीएचडी सहज होईल. त्यात २०२०च्या दुरुस्तीने रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला मुभा दिली, चालकाचं लक्ष विचलित होता कामा नये एवढ्याच अटीवर. तेव्हापासून जो सापडतो तो नकाशाच बघत असतो. चाळीस वर्षं एरंडवण्यात राहिलेला माणूस डेक्कनला जाताना नकाशा बघत असतो.

पण शब्दांत पकडणारे आपणच, असा गर्व नको. इंग्लंडात एका गृहस्थांनी गाडी चालवता चालवता रस्त्यावरच्या अपघाताचं शूटिंग केलं. पकडल्यावर त्यांचं म्हणणं, कायद्यात बंदी आहे ती संवादाला. मी बोललो कुणाशी? मी फक्त चित्रण केलं. २०१९मध्ये तिथल्या हायकोर्टाने हे मान्य केलं! या गृहस्थांचं आजोळ सदाशिव पेठेत असल्याचा माझा संशय अजून फिटलेला नाही. फरक एवढाच, की तिथल्या सरकारने ती फट मार्च २०२२मध्ये बुजवली. आता फोन हातात घेऊन काहीही केलं तरी दोनशे पौंड आणि परवान्यावर सहा गुण. नवशिक्याचा तेवढ्यात परवानाच जातो, आणि तिथे भाऊंना फोन लावून द्यायची सोय असल्याचं ऐकिवात नाही.

आकडे विचाराल तर केंद्राच्या अहवालात २०२१ साली मोबाइलच्या वापरामुळे झालेले मृत्यू १,०४० आहेत. एकूण मृत्यू दीड लाखावर. एवढा थोडा आकडा बघून आनंद व्हावा, पण हा रकाना भरतो कोण आणि कशावरून? जो गेला तो सांगायला नसतो आणि जो वाचतो तो सांगतो, "कुत्रं आडवं आलं." या देशातल्या कुत्र्यांनी आपल्या टेलिफोन कंपन्यांची किती पापं अंगावर घेतली आहेत, याची गणती करायला हवी.

आता कॅमेरे आले आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४पासून ते काचेतून आत डोकावतात. पट्टा बघतात, फोन बघतात. परिणामही झाला. पूर्वी लोक फोन कानाशी धरायचे, आता कॅमेऱ्यांची कमान दिसली की मांडीवर ठेवतात आणि ताशी शंभरच्या वेगाने मान खाली घालून वाचतात. शहरात चलनाचा मेसेज येतो तो मोबाइलवरच, आणि कुठे सापडलो हे कळल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून तो पुढच्या सिग्नलच्या आत उघडावा लागतो. दंड मात्र लगेच कुणी भरत नाही. लोकअदालत लागली की निम्म्यात तडजोड होते, हे आता सगळ्यांना पाठ आहे. दिवाळीच्या सेलची वाट बघावी तशी लोक तिची वाट बघतात.

मला विचाराल तर कायद्याने एक आरोपी मोकळा सोडला आहे, तो म्हणजे फोन करणारा. "गाडीवर आहेस का?" "हो." "बरं, मग थोडक्यात सांगते." हे संभाषण या राज्यात रोज किती लाख वेळा होत असेल! साहेबाला पहिल्या रिंगला उत्तर हवं असतं. आईने "पोचल्यावर फोन कर" म्हणून सांगितलेलं असतं आणि न राहवून तीच मध्ये दोनदा करते. जेवण घेऊन येणाऱ्या पोराच्या तर पोटाचा हिशेबच त्या पडद्यावर असतो. पत्ता त्यावर, वेळ त्यावर, पैसे त्यावर. त्याला दुचाकीचा हजार रुपये दंड, आणि सोफ्यावर बसून "भैया, कहाँ पहुँचे?" विचारणारे आपण साक्षीदारसुद्धा नाही. इथे मला विनोद सुचत नाही. कानात यंत्र घातलं की झालं, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की फोनवर बोलताना अपघाताचा धोका चौपट होतो आणि हात मोकळे ठेवल्याने फारसा कमी होत नाही. गुंतलेलं असतं ते डोकं. पण डोक्याचं चलन फाडायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

म्हणून माझी सूचना: चालकाला जेवढा दंड, तेवढाच फोन करणाऱ्याला. पुराव्याची अडचण नाही, कोणी कोणाला कधी फोन केला ते कंपन्यांकडे लिहिलेलंच असतं. कल्पना इतकी बिनतोड वाटली, की काल संध्याकाळी धाकट्या भावाला लगेच फोन लावला. तो वकील आहे, मसुदा करून देईल.

"बोल दादा," तो म्हणाला. मागे हॉर्नचा कल्लोळ आणि कुठल्यातरी बसचा करकचून ब्रेक.

"गाडीवर आहेस का?"

"हो, म्हात्रे पुलावर. बोल, हेडफोन आहे."

"बरं," मी म्हणालो, "मग थोडक्यात सांगतो."