पाणी बदलणारा गृहस्थ

संगणकाच्या पोटात पाणी खेळवणारा गृहस्थ आता हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावीही आढळतो, आणि त्याची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. द्रवशीतन, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातून पंपाने द्रव फिरवून तेथील उष्णता रेडिएटरपर्यंत नेणे व पंख्यांनी ती बाहेर सोडणे. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’ (२०१९) या महासंगणकात ही व्यवस्था सकारण आहे. या गृहस्थाच्या यंत्रावर मात्र मुख्यतः त्याच यंत्राचे तापमान पाहिले जाते.

नळ्यांतून सुटणारा चिकट अंश आणि शेवाळ ठोकळ्याच्या बारीक खाचांत साचते, म्हणून पाणी साधारण वर्षातून एकदा बदलावे, असा संकेत आहे. याला पोळा, दसरा आणि पाहुण्यांचे आगमन अशी निमित्ते पुरतात. सर्वांत खालची तोटी उघडून, पेटी चारही बाजूंनी कलती करून तो शेवटचा थेंब काढतो, आणि नवे पाणी भरल्यावर सांध्यांखाली कोरडा कागद अंथरून, केवळ पंपाला वीज देऊन, गळती दिसते का हे रात्रभर पाहत बसतो. हे पाणी डिस्टिल्ड, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेले, क्षाररहित. बाजारात ते बॅटरीचे पाणी म्हणून मिळते. जारचे पाणी यंत्राला चालत नाही, पाहुण्यांना चालते. ‘नळाला पाणी नाही आन् ह्यो कंप्युटरचं पाणी बदलायलाय,’ हा घरातील शेरा त्याला ऐकू येत नाही.

रेडिएटरमधील द्रव खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, त्यामुळे मे महिन्यात पत्र्याखाली ४२ अंश असले की पाणीही ४२ च्या खाली उतरत नाही. तेव्हा तो पाणी बदलतो.

तथापि, नाइलाजाने नोंदवावे लागते की वीज वारंवार जाऊ लागली, की इतरांना थेंबही न देणारा हाच मनुष्य कॅन घेऊन गल्लीत निघतो, दारोदारच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या उघडून त्यांतील पाणी खुणेपर्यंत आणतो आणि पैसे विचारले तर रागावतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे तो पंखा फिरेपर्यंत थांबतो. तेथे त्याने अंशांचा विषय काढल्याचे ऐकिवात नाही. कॅन रिकामा झाल्याने घरच्या यंत्राचे पाणी मात्र दोन-दोन महिने तसेच राहते, आणि यंत्राला त्याने काहीही होत नाही.