झटपट ऑइल, दोन चहा

अंबडच्या गॅरेजात सध्या एक गहन प्रश्न आहे: पिकअपच्या चेंबरला बोल्टाऐवजी खटका फिरवला की ऑइल सोडणारा व्हॉल्व्ह बसवावा का? पाना नको, दरवेळी नवं वॉशर नको. गंमत एवढीच, की त्याचं भोक बोल्टाच्या भोकापेक्षा बारीक. म्हणजे ‘झटपट’ व्हॉल्व्हातून ऑइल जास्तच सावकाश उतरतं. निफाडच्या थंडीत तर विचारूच नका. शिवाय तो चेंबरखाली लोंबतो. हायवेला चालेल, पण द्राक्षबागेच्या बांधावरून, दगडगोट्यांतून क्रेट घेऊन निघालेल्या गाडीखाली? खटका चुकून उघडू नये म्हणून क्लिप असते म्हणे. आमच्याकडे असल्या क्लिपा पहिल्याच सर्व्हिसिंगला हरवतात.

पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोच्या रांगेत अख्खी दुपार घालवणाऱ्या मालकाला मात्र वर्षातून दोन-तीनदा वाचणारी ती पाच मिनिटं लाखमोलाची वाटतात. मिस्त्री तेवढा निवांत. “बसवा की शेठ. बोल्ट खोलला की ऑइल उतरेपर्यंत एक चहा होतो. व्हॉल्व्ह लावला तर दोन होतील. पैसे तुम्हीच देता ना!”